बाईंनी पण खोडलं!

बालदोस्तांनो, आधी एक खरं सांगा. अगदी खरं हं! ‘माझी आई’ हा निबंध तुम्ही आजवर किती वेळा लिहिलात? दुसरीत एकदा, तिसरीत एकदा, चौथीत चाचणीला आणि पुन्हा सहामाहीला... आणि त्यात तुमची स्वतःची आई किती वेळा आली?

गोंधळू नका. निबंधातली आई कशी असते ते आपल्या सगळ्यांना पाठच आहे. ती प्रेमळ असते. ती पहाटे लवकर उठते, देवपूजा करते, गरम गरम जेवण वाढते आणि आपण आजारी पडलो की रात्रभर उशाशी बसते. शेवटी ‘अशी माझी आई मला खूप खूप आवडते’ असं लिहिलं की झाला निबंध. आईबाबांनो, तुम्ही गालातल्या गालात हसू नका! तुमच्याही वहीत हीच आई होती आणि माझ्याही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर शिक्षिका आहे. आमची शाळा द्विशिक्षकी, म्हणजे दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पहिली ते चौथी असे चार वर्ग. त्यामुळे पहिलीची पिल्लं आणि चौथीचे दादा-ताई एकाच खोलीत बसतात आणि एकमेकांचं सगळं ऐकतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत त्यातूनच झाली. गंमत म्हणते खरी, पण त्या दिवशी मला मात्र गंमत वाटली नव्हती.

गोष्ट २०२२ सालची. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धी वाडी रिकामी होते. शहरातल्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. इथली पुष्कळ माणसं ऊस तोडायला लांबच्या साखर कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून काम करते आणि त्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम आधीच पैसे देऊन ठेवतो. ती ‘उचल’. मग ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री पाचटाच्या कोपीत झोपायचं. माणसं परत येतात ती उन्हाळा लागल्यावर. काही लेकरं आईबापांबरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे वाडीवर राहतात. राहिलेली लेकरं आमच्या शाळेत येतात.

तर त्या सकाळी मी फळ्यावर ‘माझी आई’ लिहून दिला. हो, मीच लिहून दिला! दहा ओळी, सुवाच्य अक्षरात. मुलांनी उतरवून घेतल्या. मी वह्या तपासल्या, लाल शाईने शेरे मारले आणि मग एकेकाला उभं करून वाचायला सांगितलं. तिसरीतला एक मुलगा उठला. चुणचुणीत पोरगा. त्याने ठणठणीत आवाजात वाचलं, “माझी आई मला रोज सकाळी लवकर उठवते. ती माझे केस विंचरते. ती मला शाळेत सोडायला येते.”

तेवढ्यात पहिलीच्या रांगेतून त्याची धाकटी बहीण म्हणाली, “दादा, खोटं नको वाचू. माय तर तिकडं हाय.”

वर्ग खो खो हसला. त्याचे कान लाल झाले. त्याने वही मिटली आणि तो खाली बसला.

मला माहीत नव्हतं का हो, की त्याची आई तिकडे आहे? चांगलं माहीत होतं. पालकसभेला त्याची आजी येते, तिचा अंगठा मीच रजिस्टरवर घेते. तरीही त्याच वहीत मी लाल शाईने लिहिलं होतं, ‘छान! अक्षर सुधार.’

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसून कोरा ठेवला आणि म्हटलं, “आज मी काही लिहून देणार नाही. आपापल्या आईबद्दल लिहा. खरं लिहा.” मला वाटलं, आता पोरं धडाधड लिहीत सुटतील. कसलं काय! “बाई, किती ओळी?” “बाई, पेननं का पेन्सिलनं?” “बाई, समास सोडायचा का?” पंधरा मिनिटं गेली तरी वह्या कोऱ्याच. एकाने फक्त तारीख घातली होती आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली होती. रेघ मात्र फारच सरळ होती!

मी चिडले. तेव्हा चौथीतली एक मुलगी अगदी सरळ मनाने म्हणाली, “बाई, तुम्ही तुमची आई लिहून दाखवा की.”

घेतला खडू. त्यात काय, मी तर शिक्षिका! फळ्याशी उभी राहिले आणि... हात चालेना. काय लिहू? डी.एड.च्या दोन वर्षांत मी पाठांची टाचणं किती लिहिली त्याला गणती नाही. उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, सगळं रकान्यात बसवून. नोकरीत आल्यावर अहवाल लिहिले, तेही मागच्या वर्षीची फाईल समोर ठेवून, तारीख तेवढी बदलून. पण माझ्या मनातलं, माझ्या शब्दांत, कुणीतरी वाचेल म्हणून शेवटचं कधी लिहिलं होतं? मला आठवेना. म्हणजे जी गोष्ट मला येत नव्हती, ती मी तिसरीच्या लेकरांकडून मागत होते. पोहता न येणाऱ्याने काठावर उभं राहून ‘हात मार, हात मार’ म्हणून ओरडावं, तसं!

शेवटी मी लिहिलं, ‘माझी आई खूप कष्टाळू आहे.’

“म्हंजी काय काय करती?” मागून आवाज आला.

प्रश्न बरोबर होता. मी वाक्य खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. मग डोळ्यासमोर आई आली. शिवणयंत्रावर वाकलेली, ओठात टाचण्या धरलेली. मी लिहिलं, ‘माझी आई कपडे शिवताना तोंडात टाचण्या धरायची. म्हणून तिला आमच्यावर ओरडता यायचं नाही. ती नुसते डोळे मोठे करायची. आम्ही मुद्दाम तेव्हाच भांडायचो.’

वर्ग हसला. पण आदल्या दिवशीसारखा नाही. आणि मग एकाने शेजाऱ्याला हळूच सांगितलेलं मला ऐकू आलं, “बाईंनी पण खोडलं रे!”

तुम्हांला सांगते, त्या दिवशी मुलांना धीर आला तो माझ्या चार ओळींनी नाही. त्या ओळींच्या वर जी खाडाखोड होती ना, तिने. तोवर त्यांना वाटत होतं की मोठ्या माणसांच्या हातून वाक्यं तयारच बाहेर पडतात आणि खोडणं म्हणजे चूक, चूक म्हणजे लाल शाई. लिहिणारा माणूस आधी अडतो, चुकीचं लिहितो, खोडतो आणि मग कुठे त्याला हवं ते सापडतं, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. मी तरी कुठे दाखवलं होतं?

त्या दिवशी त्या मुलाने जे लिहिलं, ते त्याला विचारूनच इथे देते आहे. शुद्धलेखन तेवढं मी नीट केलं आहे.

‘माय फोनवर आधी विचारते, जेवला का. मग म्हणते, शेळीला पाणी पाजलं का. मग ती काहीच म्हणत नाही. मग मी पण काही म्हणत नाही. मागे उसाच्या गाडीचा आवाज येतो. मग चार्जिंग संपतं.’

सहा ओळी. दहा नव्हेत. त्यात ‘प्रेमळ’ हा शब्द एकदाही नाही. मी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसले आणि मग ते टोपण लावून ठेवून दिलं.

तेव्हापासून शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास आम्ही लिहायचा तास केला. मुलं लिहितात आणि मीही लिहिते. माझी शंभर पानी वही वेगळी आहे आणि ती कुणीही उघडून पाहिली तरी चालते. आमचा नियम एकच. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं आणि ऐकणाऱ्यांनी त्याला फक्त प्रश्न विचारायचे. ‘छान’ म्हणायचं नाही, ‘वाईट’ म्हणायचं नाही. ‘मग काय झालं?’ ‘ते कुणासारखं दिसत होतं?’ ‘तू तेव्हा कुठं होतास?’ एवढंच. बालदोस्तांनो, तुम्हीही करून पाहा. ‘आमची सहल खूप मजेशीर झाली’ असं लिहिलेल्या मित्राला ‘म्हणजे काय झालं?’ एवढं विचारा. तो लगेच सांगेल की बस बंद पडली, सरांनी धक्का मारला आणि सरांची चप्पल चिखलात रुतली. अरे, मग हेच लिही ना!

आता तुम्ही म्हणाल, शुद्धलेखनाचं काय? ते लागतंच. मी काही त्याला सुट्टी दिलेली नाही. एकदा ५ सप्टेंबरला आमच्या चित्रकारांनी फळा रंगीत खडूंनी सजवला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘शिक्षक दीन’. आता ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे बिचारा, गरीब! एका वेलांटीने आम्हा शिक्षकांची पार दैना झाली. पोरं पोट धरून हसली आणि ती वेलांटी पुन्हा कधी चुकली नाही. पण तुमचा मित्र आपली हरवलेली शेळी शोधायला रात्री बॅटरी घेऊन कसा गेला ते सांगत असेल, तर मध्येच ‘शोधायलातला श पोटफोड्या नाही’ म्हणून त्याला अडवायचं का? आधी शेळी सापडू द्या! वेलांट्या त्यानंतर पाहू. म्हणून आमच्याकडे लाल पेन सगळ्यात शेवटी निघतं, आणि ते माझ्या वहीवरही फिरतं. चौथीची मुलं फिरवतात. फार आनंदाने फिरवतात, हे वेगळं सांगायला नको.

पहिलीच्या मुलांना अजून लिहिता येत नाही, त्यांचं काय करायचं, असा प्रश्न पडला. त्याचं उत्तर आम्हांला खानदेशातून मिळालं. बहिणाबाई चौधरींचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, घरकामात त्यांना गाणी सुचत आणि त्या म्हणत. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने आणि घरातल्या दुसऱ्या एका मुलाने ती गाणी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. पुढे आचार्य अत्र्यांनी ती गाणी पाहिली आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. कुणी टिपून ठेवलंच नसतं तर? म्हणून आमची पहिलीची मुलं सांगतात आणि चौथीची लिहून घेतात. अट एवढीच, की जसं सांगितलं तसंच लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही. एका लेखनिकाने ‘म्हैस पळाली’च्या जागी ‘म्हैस धावत सुटली’ लिहिलं, तर ती चिमुरडी रुसून बसली. म्हणाली, “माझी म्हैस पळाली!” तिचंच बरोबर होतं.

मोठ्या मुलांची तक्रार वेगळी होती. “बाई, आपल्या वाडीवर काही होतच नाही. काय लिहायचं?” ही तक्रार तुमचीही असेल. तेव्हा मी त्यांना मुक्ताबाईची गोष्ट सांगितली. ही मुक्ताबाई पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. शाळकरी मुलगी, मातंग समाजातली. त्या काळात तिच्या माणसांना शिकायला मनाई होती. या मुलीने निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नावाच्या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. विचार करा, १८५५ साल! तिच्यासमोर कुठलं गाईड होतं? ‘माझ्या आधी असं कुणी लिहिलंय’ म्हणून बघायला तरी कोण होतं? तिने फुलपाखरावर लिहिलं नाही की पावसाळ्यावर लिहिलं नाही. आपल्या मांग आणि महार समाजांना काय काय सोसावं लागतं ते लिहिलं. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, पाऊस आणि थंडी अंगावर घ्यावी लागते, हे लिहिलं. आणि ते ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांना उद्देशून लिहिलं. आज १७० वर्षं उलटून गेली, तरी मोठमोठी माणसं तो शाळकरी निबंध अभ्यासतात.

गोष्ट संपल्यावर वर्ग गप्प होता. मग चौथीतल्या एकीने विचारलं, “बाई, तिला किती मार्क मिळाले?” आता याला काय उत्तर देणार!

पण मार्कांचा प्रश्न काही खोटा नाही. एक पालक शाळेत येऊन मला म्हणाले, “बाई, बाकीच्या शाळांत निबंध पाठ करून घेतात. आमचं पोरगं परीक्षेत काय लिहिणार?” त्यांचा राग मला समजला. स्वतः ऊस तोडून पोराला शिकवणाऱ्या माणसाने मार्कांची काळजी करायची नाही तर कुणी? मी त्यांना मुलाची वही दाखवली. त्याने बापाच्या कोयत्याला धार कशी लावतात ते लिहिलं होतं. दगड कुठला, पाणी किती, पातं कसं धरायचं, बोटाने धार कशी बघायची, सगळं. त्यांनी ते ओठ हलवत सावकाश वाचलं. “पाणी आधी टाकायचं. हे मागं लिहिलंय त्यानं,” एवढंच म्हणाले. मुलाने ते वाक्य उचलून वर घेतलं. परीक्षेचं काय ते आमचं पुरतं मिटलं असं मी म्हणणार नाही. दोघा-तिघांचे निबंध अजून आखूडच होतात आणि एक जण तर अजूनही फक्त तारीख फार सुंदर लिहितो. मी वाट बघते आहे.

आईबाबांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. मुलाने लिहिलेलं हातात आलं की पहिली नजर अक्षराकडे जाते ना? तेवढी आवरा. आधी पूर्ण वाचा, नाहीतर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर ऐका, ऐकायला काही अक्षरओळख लागत नाही. आणि मुलाचा निबंध रात्री जागून स्वतः लिहून देऊ नका. आम्हां शिक्षकांना ते ओळखू येतं. तिसरीतलं मूल ‘अविस्मरणीय’ लिहीत नाही!

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना तर सांगायला साने गुरुजी आहेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. छापील नव्हे, हस्तलिखित! ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी मुलांसाठी रोज लिहून लिहून त्यांचा हात असा बसला होता, हे आपण विसरतो. आम्हांला रोज काही जमत नाही. आम्ही महिन्याला एक अंक काढतो. कार्डशीटचं मुखपृष्ठ, सुतळीची शिवण, आणि माझं पान सगळ्यात शेवटी. एका अंकात तर संपादकांनी जागा नाही म्हणून माझं पान गाळलं. संपादक चौथीत होते.

त्या मुलाचं सांगायचं राहिलंच. ज्या दिवशी त्याने त्या सहा ओळी लिहिल्या, त्या रात्री आजीच्या फोनवरून त्याने त्या आईला वाचून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला म्हणाला, “मायनं परत वाचायला लावलं.”

“मग?”

“मग परत एकदा वाच म्हणली.”

“मग?”

“मग चार्जिंग संपलं.”

तो आता मोठ्या गावातल्या शाळेत सहावीत आहे. त्याची ती बहीण, ‘खोटं नको वाचू’ म्हणणारी, सध्या आमच्याकडे चौथीत आहे. हा लेख मी चार वेळा खोडून लिहिला आणि परवाच्या शनिवारी नियमाप्रमाणे वर्गात वाचून दाखवला. मुलांनी प्रश्न विचारले. शिवणयंत्र आता कुठे आहे, ते सर कोणते ज्यांची चप्पल रुतली, असे. ती मात्र गप्प होती. शेवटी म्हणाली, “बाई, शेळीचं नावच टाकलं नाही तुम्ही.”

खरंच की. मी पेन काढलं. “काय नाव?”

“चांदी. तिला आता दोन करडं झालीत. एक पांढरं आहे आणि एकाच्या कपाळावर...” ती थांबली. “थांबा बाई, मी लिहिते.” आणि वही आणायला पळाली.